उशाशी बंदूक ठेवावी का?



मे महिन्यात आपल्या एका झोनमध्ये क्रुसाजवळची रोझरी आटोपली आणि नेहमीप्रमाणे चहा-बिस्किटे सुरू झाली. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या एका काकांनी सगळ्यांसमोर फादरांना विचारले, "फादर, मी बंदुकीचा परवाना काढायचा म्हणतोय. ते पाप होईल का?" आधी सगळे हसले, कारण काकांचा स्वभाव थट्टेखोर. पण काका हसत नव्हते आणि शेजारी बसलेल्या काकी तर मुळीच नाहीत.

कारण बहुतेकांना ठाऊक होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्यापासून तिसऱ्या घरात रात्री अडीचच्या सुमारास चोर शिरले होते. घरात माणसे होती. मागच्या दाराची जाळी कापून आत आलेल्यांनी घरच्या आजीला ढकलले, तिचे मनगट मोडले आणि कपाटातले दागिने घेऊन ते निघून गेले. काकांचा एक मुलगा कॅनडात, दुसरा दुबईत. दुमजली बंगला, सभोवती वाडी आणि राहणारी माणसे दोन. "पोलिस येईपर्यंत काय करायचं? मी देवळात जातो, पण चोर काही माझी रोझरी संपायची वाट बघत थांबणार नाही," असे काका म्हणाले.

फादरांनी लगेच हो किंवा नाही म्हटले नाही. चर्चा तासभर चालली, चहा थंड झाला आणि शेवटी "पत्रकातून यावर काहीतरी लिहा" असे काम आमच्यावर आले. आम्ही कोणी धर्मपंडित नाही, वकीलही नाही. वाचून, विचारून आणि आमच्यातल्याच एका निवृत्त सैनिकाशी बोलून जे समजले ते इथे मांडत आहोत.

काकांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देतो. स्वतःचा आणि आपल्या माणसांचा जीव वाचवणे हे पाप नाही. कायदेशीर परवाना काढून शस्त्र बाळगणे हेही, तेवढ्यापुरते, पाप नाही. ख्रिस्तसभेची शिकवण १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात २२६३ पासूनच्या परिच्छेदांत आहे, ज्यांना वाचायचे असेल त्यांनी जरूर वाचावे. इतरांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्यासाठी तर संरक्षण हा केवळ हक्क नाही, ते गंभीर कर्तव्यही असू शकते, असे तिथे सांगितले आहे. कोणी मारायला आले की हात जोडून उभे राहावे हाच ख्रिस्ती धर्म, असे आपल्यातल्या काहींना वाटते. ते या शिकवणीला धरून नाही. काकींच्या अंगावर कोणी धावून आले आणि काका गप्प बसले, तर त्याला कोणी पुण्य म्हणणार नाही.

अर्थात हे उत्तर ख्रिस्तसभेला पहिल्या दिवसापासून इतके सोपे वाटलेले नाही. चौथ्या शतकातील मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी लिहून ठेवले आहे की शहाण्या ख्रिस्ती माणसाने सशस्त्र दरोडेखोर समोर आला तरी स्वतःचा जीव वाचवण्यासाठी उलट वार करू नये. त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेले संत ऑगस्टिन यांचेही मत असेच होते. पुब्लिकोला नावाच्या गृहस्थाने त्यांना पत्राने हाच प्रश्न विचारला होता. आपण मारले जाऊ नये म्हणून दुसऱ्याला मारणे मला पटत नाही, सैनिक किंवा अधिकारी दुसऱ्यांच्या रक्षणासाठी कायद्याने तसे करत असेल तर गोष्ट वेगळी, असे ऑगस्टिन यांनी कळवले. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीही कोणीतरी चहाच्या वेळी, किंवा तेव्हा जे पीत असतील त्या वेळी, काकांचाच प्रश्न विचारत होते.

पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याचा गुंता सोडवला. एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, असे ते म्हणतात. हल्ला होत असताना मी स्वतःला वाचवतो, हा एक परिणाम आणि तोच माझा हेतू. त्यात हल्लेखोर मेला, तर तो दुसरा परिणाम. तो माझा हेतू नव्हता. म्हणून कृती न्याय्य ठरू शकते. पण त्यांनी दोन अटी घातल्या. गरजेपेक्षा अधिक बळ वापरले तर ते अन्याय्य. आणि खासगी माणसाने मारण्याचाच हेतू धरणे अयोग्य, तो अधिकार न्यायाने वागणाऱ्या राज्यसत्तेचा. गंमत अशी की परदेशात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल शिकवणारे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना जवळजवळ हेच सांगतात. गोळी मारण्यासाठी चालवायची नाही, थांबवण्यासाठी चालवायची. गोळीला मात्र हा फरक कळत नाही. लाठी कमी-जास्त जोराने मारता येते, गोळी अर्ध्या जोराने सुटत नाही.

जुन्या करारात निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात यासंबंधी एक नियम आहे, तो आम्ही या निमित्ताने प्रथमच नीट वाचला. चोर रात्री घर फोडताना सापडला आणि मार बसून मेला, तर घरमालकावर रक्तपाताचा दोष नाही. पण सूर्य उगवल्यानंतर तसे घडले, तर दोष आहे. चोर तोच, घर तेच, फरक फक्त उजेडाचा. रात्री माणसाला समोरचा कोण, किती जण, कशासाठी आले, काही दिसत नाही. दिवसा दिसते, शेजारी धावून येतात, चोर ओळखता येतो. म्हणून रात्रीच्या भीतीला नियमशास्त्राने क्षमा केली आणि दिवसाच्या रागाला केली नाही.

आपल्या देशाचा कायदाही बराचसा याच वाटेने जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत, पूर्वी दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. मालमत्तेच्या रक्षणासाठी कोणत्या वेळी समोरच्याचा मृत्यू ओढवला तरी चालतो हे सांगताना कायद्याने दरोड्यासारख्या गुन्ह्यांबरोबर सूर्यास्त ते सूर्योदय या काळातली घरफोडीही घेतली आहे. मोशेच्या काळचा सूर्य अजून कायद्याच्या पुस्तकात उगवतो-मावळतो आहे! पण तिथेही अट आहे. आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांची मदत मिळवण्यास वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत गोळी घालणे हे संरक्षण नव्हे.

इथवर काकांची बाजू भक्कम आहे. आता परवान्याचे पाहू.

आपल्याकडे बंदूक बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याआधीचा १८७८ चा कायदा व्हाइसरॉय लिटन यांच्या काळातला, एतद्देशीयांच्या हातात शस्त्र नको म्हणून केलेला. स्वतंत्र भारताने कायदा नवा केला पण परवाना ठेवला. वय किमान २१ वर्षे हवे. अर्ज केल्यावर पोलिस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. माणूस कसा आहे, त्याच्यावर गुन्हे आहेत का, शस्त्राची गरज खरी आहे का, हे पाहिले जाते. आपल्या भागात २०२० साली मिरा-भाईंदर वसई-विरार पोलिस आयुक्तालय झाल्यापासून निर्णय आयुक्तांच्या हाती आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला पूर्वी तीन शस्त्रे ठेवता येत ती दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. लग्नाच्या वरातीत हौसेने हवेत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला त्याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असेही कायद्यात लिहिले आहे. हे वाचून आम्हाला बरे वाटले. तरी शस्त्राच्या किमती पाहता गरिबाला त्याचा उपयोग किती, हा प्रश्नच आहे. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे .३२ चे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. रात्रपाळीहून चालत घरी येणारी मुलगी ते कुठून घेणार?

२०१६ च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाची गोष्ट आली, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे तेच आहे. शस्त्र सुरक्षितपणे हाताळणे, चालवणे, त्याची निगा, ते कुलूपबंद ठेवणे, कायद्याची माहिती आणि शस्त्रधारकाचे वर्तन कसे असावे, हे सारे शिकणे त्यात आहे. आमच्या निवृत्त सैनिक मित्राला आम्ही विचारले, "बंदूक शिकायची म्हणजे नेम धरायला शिकायचे ना?" तो म्हणाला, "नेम शेवटी. आधी बोट कुठं ठेवायचं नाही ते शिकायचं."

मग त्याने घरातल्या छत्रीने आम्हाला चार गोष्टी समजावल्या. बंदूक रिकामी आहे असे कधीच धरायचे नाही, आत्ताच स्वतः रिकामी केली असली तरी. जे नष्ट करायचे नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही, मग थट्टेत असो वा पुसताना. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायचे. आणि समोर काय आहे, त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री झाल्याशिवाय गोळी सोडायची नाही. पाव इंचाची सिमेंटची पत्र्याची भिंत गोळीला अडवत नाही, पलीकडे शेजाऱ्याचे नातवंड झोपलेले असू शकते. या चारही गोष्टी स्वतःला आवर घालण्याच्या आहेत. कॅटेकिझमच्या वर्गात आपण मुलांना आत्मसंयमन शिकवतो, ते याहून फार वेगळे नाही.

हा मित्र पुढे असेही म्हणाला, की दर काही आठवड्यांनी सराव केला नाही तर हात विसरतो. सैन्यात रोज कवायत का करून घेतात, तर घाबरलेला माणूस विचार करत नाही, सवयीने वागतो. व्हॅटिकनमध्ये पोपमहोदयांचे रक्षण करणारे स्विस गार्ड हे रंगीत पोशाख आणि भाले घेऊन उभे दिसतात, पण भरती होण्यापूर्वी प्रत्येकाने स्वित्झर्लंडच्या सैन्याचे प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे लागते, आणि बंदूक चालवणे त्यांना शिकावेच लागते. ख्रिस्तसभेच्या अगदी मध्यभागी शस्त्र आहे, हे आपण नाकारू नये. पण ते शिकलेल्या, शिस्तीतल्या, कोणाच्या तरी हुकमाखाली असलेल्या हातात आहे. आपल्या धर्मग्रामातले काही बांधव बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन दिवसभर उभे राहतात. ती त्यांची भाकरी आहे, आणि त्यांच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे. त्यांना हा लेख उपदेश करण्यासाठी नाही.

काकांची गोष्ट वेगळी आहे. काका रात्री अडीच वाजता झोपेतून उठणार आहेत.

आता आम्हाला जे सगळ्यात अवघड वाटते ते सांगतो. नियम आणि प्रशिक्षण म्हणतात, बंदूक रिकामी ठेवा, कुलपात ठेवा, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा, किल्ल्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. हे सगळे अगदी बरोबर आहे. पण मग जाळी कापल्याचा आवाज आल्यापासून काकांनी चष्मा शोधायचा, किल्ली शोधायची, कपाट उघडायचे, दुसरे कपाट उघडायचे, थरथरत्या बोटांनी काडतूस भरायचे. तोवर चोर खोलीत असेल. म्हणून बहुतेक माणसे काही दिवसांनी काय करतात? भरलेली बंदूक उशाशी आणून ठेवतात. सुरक्षित ठेवलेली बंदूक वेळेवर हाती येत नाही, आणि वेळेवर हाती येणारी बंदूक सुरक्षित नसते. ही अडचण काकांच्या चारित्र्याची नाही, वस्तूचीच आहे. कितीही चांगला परवानाधारक ती पूर्णपणे सोडवू शकत नाही.

याचे एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेत घडले, ते आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा टीव्हीवर पाहिले असेल. तिथे घरफोड्या आणि खून फार, म्हणून हजारो सामान्य लोक स्वसंरक्षणासाठी शस्त्र घेतात. कायदाही काटेकोर आहे. २००० सालच्या कायद्याप्रमाणे आधी परीक्षा देऊन पात्रतेचा दाखला मिळवायचा, मगच परवाना. ऑस्कर पिस्टोरियस हा दोन्ही पाय नसलेला, कृत्रिम पायांवर धावणारा जगप्रसिद्ध खेळाडू. त्याने ही परीक्षा दिलेली होती. घरात चोर आहे पण तुमच्या जिवाला धोका नाही, तर गोळी चालवता येईल का, या प्रश्नाचे त्याने लेखी उत्तर बरोबर दिले होते, हे पुढे खटल्यात साक्षीदाराने सांगितले. १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे त्याने बाथरूममधून आवाज ऐकला. बिछान्याजवळचे ९ मिमीचे पिस्तूल घेऊन तो गेला आणि शौचालयाच्या बंद दारातून त्याने चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकँप होती. ती मरण पावली. मला वाटले चोर आहे, असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. खालच्या न्यायालयाने २०१४ साली सदोष मनुष्यवधाचा दोष ठेवला, वरिष्ठ न्यायालयाने २०१५ साली तो खून ठरवला. दारामागे जो कोणी आहे तो मरेल हे त्याला कळायलाच हवे होते, मग तो चोर असो वा कोणी, असे न्यायाधीशांनी म्हटले. २०१७ साली शिक्षा वाढवून १३ वर्षे ५ महिने केली गेली. जानेवारी २०२४ मध्ये तो पॅरोलवर सुटला.

तो खरे सांगत होता की खोटे, हे आम्ही इथे बसून ठरवू शकत नाही. पण समजा, त्याचा शब्द न् शब्द खरा होता. तर गोष्ट अधिकच भयंकर होते. परवाना होता, परीक्षा झाली होती, उत्तर पाठ होते, हेतू संरक्षणाचा होता. आणि ज्या माणसाचे संरक्षण करायचे तेच दारामागे होते. चारपैकी शेवटचा नियम त्या रात्री आठवला असता, आत कोण आहे हे एकदा विचारले असते, तर ती मुलगी आज हयात असती. कागदावर बरोबर उत्तर देणारा हात आणि पहाटे भीतीने गार पडलेला हात, हे दोन वेगळे हात असतात.

शिवाय घरात बंदूक आली की ती फक्त चोरासाठी राहत नाही. ती घरातल्या सगळ्यांसाठी असते. सुट्टीत कॅनडाहून आलेल्या सात वर्षांच्या नातवासाठी असते, त्याला आजोबांचे कपाट म्हणजे खजिना. परीक्षेत नापास झालेल्या, कोणाशी न बोलणाऱ्या मुलासाठी असते. कर्जाने खचलेल्या बापासाठी असते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. तिथे राहणाऱ्या आपल्या मुलांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण काही राज्यांत आता प्रशिक्षणाची सक्तीही उरलेली नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, २१ वर्षांवरील ज्यांना कायद्याने पिस्तूल ठेवता येते त्यांना ते परवान्याशिवाय बरोबर घेऊन फिरता येते. ज्याला शिकणे सक्तीचे नाही त्यानेच आपणहून शिकावे, एवढे तरी त्यांच्या आई-वडिलांनी फोनवर सांगावे.

आणि आपल्या घरांबद्दल थोडे खरे बोलू या का? आपल्याकडे रात्रीच्या चोरापेक्षा दिवसाच्या भाऊबंदांशी भांडणे जास्त. वाडीची वाटणी, कुंपण दोन फूट पुढे सरकले, विहिरीचा रस्ता बंद केला, आंब्याची फांदी कोणाची. लग्नात, मयतात, सणाला दारू असतेच. सख्खे भाऊ कुदळ-कोयते घेऊन समोरासमोर आल्याचे आपण पाहिले आहे. कोणीतरी मध्ये पडते, दोन दिवसांनी राग ओसरतो, आणि ईस्टरला दोघे एकाच बाकावर बसलेले दिसतात. कोयता उगारायला दहा पावले चालावे लागते. त्या दहा पावलांत आजवर किती घरे वाचली असतील! बंदुकीला ती दहा पावले लागत नाहीत. परवाना देणारा अधिकारी अर्जदाराचे गुन्हे तपासतो, त्याच्या भावाशी असलेला अबोला तपासत नाही. तो ज्याचा त्याला माहीत असतो, आणि प्रायश्चित्त संस्कारात फादरांना. म्हणून आम्हाला वाटते, अर्ज भरण्याआधी माणसाने स्वतःला विचारावे: ही बंदूक हातात असताना माझ्या डोळ्यांसमोर कोणाचा चेहरा येतो? अनोळखी चोराचा येत असेल तर एक गोष्ट. ओळखीचा कोणाचा येत असेल, तर अर्ज फाडून टाकावा.

पेत्राची गोष्ट इथे आठवते. झावळ्यांच्या रविवारी दर तीन वर्षांनी लूककृत शुभवर्तमानातील दुःखसहन वाचले जाते. त्यात शेवटच्या भोजनानंतर प्रभू शिष्यांना तलवारीविषयी बोलतो, शिष्य म्हणतात इथे दोन आहेत, आणि प्रभू ते बोलणे तिथेच थांबवतो. या ओळींवरून शतकानुशतके वाद झाले आहेत. शिष्यांजवळ त्या रात्री तलवारी होत्या, एवढे मात्र नक्की. मग बागेत पेत्राने ती उपसली आणि महायाजकाच्या चाकराचा उजवा कान कापला. पेत्र जाळे टाकणारा माणूस, तलवारीचा सराव त्याला कुठला? बहुधा डोक्यावर मारायला गेला असेल आणि कान गेला. त्याचा हेतू वाईट नव्हता, तो आपल्या गुरूला वाचवत होता. प्रभूने त्याला थांबवले आणि, हे फक्त लूक सांगतो, त्या कानाला स्पर्श करून तो बरा केला. पेत्राची चूक निस्तरायला तिथे प्रभू उभा होता. आपल्या चुकलेल्या गोळीनंतर कोण स्पर्श करणार?

मग काकांनी काय करावे? आम्ही त्यांना अर्ज करू नका असे म्हटलेले नाही, आणि पत्रकातूनही म्हणणार नाही. तो त्यांचा हक्क आहे, आणि त्यांच्या भीतीला कारण आहे. परवाना मिळालाच तर प्रशिक्षण नीट घ्या, ओळखीने दाखला मिळवून मोकळे होऊ नका, सराव चालू ठेवा, काकींनाही शिकवा, आणि दर वर्षी स्वतःचे डोळे आणि हात तपासून घ्या, एवढे आम्ही त्यांना सांगितले. निवडणुका आल्या की परवानाधारकांपैकी अनेकांना शस्त्र पोलिसांकडे जमा करावे लागते, तेव्हा महिना-दोन महिने तुम्ही पुन्हा जिथे होता तिथेच असाल, हेही सांगितले. काका म्हणाले, "म्हणजे चोरांनी निवडणुकीत यावं." त्यांची थट्टा परत आली होती, हे पाहून बरे वाटले.

पण त्या सभेत एका तरुण मुलीने विचारलेला प्रश्न आम्हाला अधिक लागला. ती म्हणाली, "काकांच्या घराच्या शंभर फुटांत अकरा घरं आहेत. त्या रात्री आजी ओरडली तेव्हा किती जणांनी दिवा लावला?" कोणी बोलले नाही. आमच्यातल्या दोघांची घरे त्या अकरांत आहेत. एकाने आवाज ऐकला होता आणि कुत्रे भांडत असतील असे समजून कूस बदलली होती. हे तो स्वतःच नंतर म्हणाला, आणि लिहायला त्याची हरकत नाही. काइनाने देवाला जो उलट प्रश्न विचारला होता, तो आपण त्या रात्री झोपेत विचारला. धर्मशिक्षण ग्रंथ ज्या कर्तव्याविषयी बोलतो ते फक्त घरच्या कर्त्यापुरते धरायचे, की अकरा घरांपर्यंत न्यायचे? पूर्वी आपल्या आळ्यांत रात्री कोणी खोकला तरी पलीकडून आवाज यायचा. आता बंगल्यांना कुंपणाच्या भिंती आल्या, खिडक्यांना काचा आल्या, आणि शेजारी एकमेकांना रविवारी देवळाच्या पायरीवर भेटतात.

त्या झोनमध्ये आता अकरा घरांचे फोन नंबर एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या फ्रीजवर लावले आहेत. मागच्या दारांना आतून लोखंडी अडसर बसवून झाले. एका तरुणाने कमी खर्चात ते काम केले, रंग आपापला. रात्री दहा वाजता आळीपाळीने एक जण काका-काकींना फोन करतो. मोठी भोंग्याची घंटा बसवायची की नाही यावर अजून वाद चालू आहे, कारण पहिल्याच रात्री मांजराने ती वाजवली. काकांचा अर्ज पोलिस ठाण्याच्या अहवालासाठी गेला आहे, त्यांनी तो मागे घेतलेला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. सभा संपल्यावर एक बहीण मागे थांबली. तिचे पती सहा वर्षांपूर्वी देवाघरी गेले. त्यांची परवान्याची बंदूक अजून माळ्यावर आहे, जुन्या साडीत गुंडाळलेली, आणि काडतुसांचा डबा तिच्याच शेजारी. परवाना त्यांच्या नावावर होता, तिच्या नाही. कायद्याप्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते, वारसाला हवे असेल तर त्याने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. "त्यांची आठवण म्हणून ठेवली. हात लावायलाही भीती वाटते," ती म्हणाली. तिच्या परवानगीने हे लिहीत आहोत, कारण अशी बंदूक आणखी कोणाच्या माळ्यावर असू शकते. आपल्या धर्मग्रामातील एक वकील तिच्याबरोबर विनामूल्य जायला तयार झाले. निवृत्त सैनिक मित्राने आधी घरी येऊन ती उघडून पाहिली. सहा वर्षे माळ्यावर पडलेल्या त्या बंदुकीत एक काडतूस भरलेले होते.